भाग्याचा रविवार

रविवारी सकाळी अकराच्या आसपास मी फोन हाताशी ठेवते. ही सवय इतकी जुनी आहे की घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पुण्याहून भाग्याचा मेसेज यायचा, एकाच शब्दाचा... ‘जेवली’. मी लिहायची, ‘आणि तू?’ ती लिहायची, ‘नंतर’. बस्स, एवढंच. त्या रविवारी अकरा वाजले, बारा वाजले, मेसेज नाही. मला आधी राग आला, कारण मला कुठल्याही गोष्टीचा आधी रागच येतो. म्हटलं, बाईसाहेब कुठंतरी कॉन्फरन्सला गेल्या असतील आणि सांगायचं विसरल्या असतील, येऊ दे फोन, चांगली झाडते. फोन आला तो तिच्या धाकट्या भावाचा, श्रीनिवासचा. “शाहीनक्का,” तो म्हणाला, “अक्का गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली शेजारणीला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलंच होतं की...” मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता माझ्या सनाला कोण जेवू घालणार?

वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगून टाकते. सना माझी मुलगी. तिला जाऊन आठ वर्षं होत आली. मेंदूच्या एका दुर्मीळ, जन्माबरोबरच येणाऱ्या आजारानं ती गेली. ती असताना तिच्या दंडावरून कातडीचा कणभर तुकडा घेतला होता आणि त्यातून भाग्यानं पुण्याच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. त्या आजही जिवंत आहेत. त्यांना उबेला ठेवावं लागतं आणि रोज खाऊ घालावं लागतं, ईद असो, दिवाळी असो की रविवार. प्रयोगशाळेतली मुलं पाळ्या लावून ते काम करतात. रविवारची पाळी मात्र भाग्याची. मुलांना आठवड्यातून एक दिवस आपल्या आईच्या हातचं खाऊ दे, म्हणायची.

डॉ. भाग्यलक्ष्मी असं तिचं नाव प्रयोगशाळेच्या दारावर होतं, पण आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत ती भाग्याच. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक भिंत आणि तिच्या वडिलांचे माग. तिची माणसं तेलुगू बोलणारी, विणकामातली. आमच्या घरात दखनी उर्दू. आम्ही दोघी मात्र पहिलीपासून मराठीतच भांडलो. भांडलो म्हणजे तसंच वाटायचं लोकांना, कारण मागांचा खडखडाट दिवसभर चालू, त्यामुळं ओरडल्याशिवाय एकमेकींना काही ऐकूच यायचं नाही. तो आवाज आमच्या दोघींच्या गळ्यात कायमचा बसला. मी शाळेत मराठी शिकवते, माझा तास शेजारच्या दोन वर्गांना फुकट ऐकायला मिळतो. आणि भाग्याच्या प्रयोगशाळेत म्हणे नवीन आलेलं पोरगं पहिले काही दिवस, मॅडम आपल्यावर चिडल्यात, अशा समजुतीतच असायचं. ती फक्त “काचेची बशी दे” म्हणत असायची.

तिचे वडील, त्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, चादरी आणि टॉवेल विणायचे. मागावर ताणा चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, पिठाची, म्हणजे सूत दमदार होतं, घासलं तरी तुटत नाही. लहानपणी आम्ही दोघी ते खळ लावलेलं सूत बोटांत धरून बघायचो. ती विचारायची, खळ नाही लावली तर काय होतं? नाना म्हणायचे, व्हायचंय काय, तुटतंय. ती विचारायची, कुठं तुटतंय, मधे की टोकाला? नाना वैतागून तिला माझ्याकडं ढकलायचे आणि मला म्हणायचे, हिला ने की तुमच्याकडं, शीरखुर्मा खाऊ घाल, तेवढाच वेळ तोंड बंद राहतं. शीरखुर्मा तिला जीव की प्राण होता. ईदच्या दिवशी सकाळी आमच्या दारात सगळ्यांत आधी वाटी घेऊन उभी असायची ती, आपल्या घरूनच वाटी आणायची, कारण आमच्या वाट्या लहान असतात असं तिचं म्हणणं. तिच्या अम्माच्या हातचा चिंचेचा भात मी खायची, तेव्हा मी काही डबा नेत नव्हते, एवढं नोंदवून ठेवते.

कॉलेजात असताना घरच्यांनी तिचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी ठरवलं. त्यांच्यात ती रीतच, मामाचा पहिला हक्क. ती तेव्हा जीवशास्त्र शिकत होती. तिनं नानांना कागदावर आकृती काढून दाखवली, रक्ताच्या नात्यात एकच खोट दोन्हीकडून आली तर मुलाला काय होऊ शकतं ते. नानांनी तो कागद चुलीत घातला आणि महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मामा बिचारा भला माणूस, त्यानंच शेवटी सुटका केली, म्हणाला, एवढी शिकलेली बायको मला झेपणार न्हाय. मग ती पुण्याला गेली, तिथून परदेशात गेली, परत आली आणि मूळ पेशींवर काम करायला लागली. लग्न राहूनच गेलं. मी तिला त्यावरून छळायची, ती मला माझ्या लग्नावरून. माझं लग्न झालं होतं माझ्या सख्ख्या खालाच्या मुलाशी, सलीमशी. म्हणजे माझी सासू ही माझ्या आईची बहीण. लहानपणापासून जिच्या मांडीवर लोळले तिच्याच घरी गेले. याच्यापेक्षा सुखाचं सासर कुणाला मिळतं?

सना वर्षाची झाली तेव्हा चालायला लागली, सलीमच्या टेम्पोचा हॉर्न ऐकला की दारापर्यंत धावायची. दोन वर्षांची होता होता ती पडायला लागली. आधी आम्हाला वाटलं चपला मोठ्या आहेत. मग ती उभीच राहीना. मग बोललेले शब्द एकेक करून जायला लागले, ‘पाणी’ गेलं, ‘अब्बू’ गेलं... फार दिवस ‘खाला’ तेवढं राहिलं होतं, आजीला मी म्हणते ते ऐकून तीही खालाच म्हणायची. सोलापुरातल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवलं. पुण्यात मोठे डॉक्टर बोलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. बाहेर बाकावर भाग्या बसली होती. तिनं माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, त्यातला एक धागा ओढला आणि म्हणाली, “सनाच्या मेंदूतलं सूत चांगलं आहे, शाहीन. त्याच्यावर खळ बसत नाहीये. जी पेशी खळ लावते तीच आजारी आहे.” मी विचारलं, कुणाकडून आलं हे? ती म्हणाली, थोडं तुझ्याकडून, थोडं सलीमकडून, आणि तुम्हा दोघांकडं तुमच्या आजीकडून. पण यात कुणाचा गुन्हा नाही, हे मी तुला शंभर वेळा सांगेन, तू शंभर वेळा विसरलीस तरी.

मला सांगून ती थांबली नाही. तिला ठाऊक होतं की घरात खरी खचली आहे ती माझी खाला. बहिणीची मुलगी हौसेनं सून करून आणली आणि हे झालं, म्हणून खाला कोपऱ्यात बसायची, तसबीहची माळ फिरवत, कुणाशी बोलायची नाही. भाग्या सोलापूरला आली, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि आपल्या मामाची सगळी गोष्ट तिला सांगितली, चुलीत घातलेल्या कागदासकट. म्हणाली, खाला, आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, तुमच्याकडंही, कुणी वाईट मनानं केलेलं नाही. खाला पहिल्यांदा रडली ती तेव्हा. मग डोळे पुसून तिला म्हणाली, उठ, शीरखुर्मा करते. तेव्हा ना ईद होती ना काही.

सनाला भरवणं हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं काम झालं. तिला गिळता यायचं नाही. भाताची पेज, मऊ खिमटी, चमच्याच्या टोकावर घेऊन, मान धरून, घशाकडं लक्ष ठेवून... एक वाटी संपायला सकाळ जायची. कधी सगळं बाहेर यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. भाग्या दर रविवारी फोन करायची आणि नमस्कार-चमत्कार काही न करता पहिला प्रश्न विचारायची, जेवली का? जेवली असली तर मी ‘जेवली’ म्हणायची आणि मग आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. जेवली नसली तर ती म्हणायची, ठीक आहे, फोन ठेव, भरव आधी. मला दुसऱ्या कुणाचे फोन नको झाले होते. लोक विचारायचे, काही फरक? भाग्या तेवढी फरक विचारायची नाही.

अशात कुणीतरी सलीमला सांगितलं की दुसऱ्या एका शहरात एक दवाखाना आहे, तिथं मूळ पेशींची इंजेक्शनं देतात, मुलं उठून चालायला लागतात. त्यांनी व्हिडिओसुद्धा दाखवला. सलीम टेम्पो विकायला निघाला. आम्हाला वाटलं भाग्या खूश होईल, तिचंच तर काम हे. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सोलापुरात हजर. सलीमला म्हणाली, भाईजान, हे मी वीस वर्षं करतेय, म्हणून सांगते, या आजारावर त्या इंजेक्शनचा उपयोग होतो असं कुणालाही दाखवता आलेलं नाही, उलट अपाय होईल. मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, मग तू इतकी वर्षं करतेस काय तिथं? तुझ्याकडं नाही, दुसऱ्याकडं जाऊ देत नाहीस, आम्ही करायचं काय? ती म्हणाली, “माझ्याकडं अजून काही नाही. असतं तर मी तुला विचारलंही नसतं, उचलून नेलं असतं सनाला.” आणि मग त्याच दमात, जरासुद्धा न अडखळता, तिनं कातडीचा तुकडा मागितला. त्यातून सनाच्याच पेशी तयार होतील, खळ लावणारी पेशी नेमकी कशानं मरते ते डोळ्यांनी दिसेल, कुठलं औषध तिला जगवतंय ते करून बघता येईल. म्हणाली, सनाला याचा काही फायदा होणार नाही, शाहीन, हे आत्ताच ऐकून ठेव. होईल तो नंतर कुणालातरी.

दुसरं कुणी असतं तर गोड बोलून मागितलं असतं. आशा दाखवली असती. या बाईला खोटं बोलता येत नव्हतं, आणि तेच माझं तिच्यावर प्रेम असण्याचं कारण होतं आणि त्या दिवशी तेच मला सहन होत नव्हतं. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती खालाच्या हातचा चहा पिऊन गेली. टेम्पो विकला नाही. आणि काही आठवड्यांनी मीच तिला फोन करून म्हटलं, ये, घेऊन जा.

दवाखान्यात डॉक्टरांनी रीतसर तो तुकडा काढला, मसुराच्या डाळीएवढासुद्धा नसेल, बंद नळीत घातला, नळी थंड डब्यात. भाग्या पुण्याला न्यायला स्वतः आली होती. गाडीला वेळ होता म्हणून ती तासभर आमच्या घरी थांबली आणि डबा ओट्यावर ठेवला. आम्ही आत सनाजवळ होतो. खालानं तेवढ्यात डबा उघडला आणि नळीच्या शेजारी आपल्या गळ्यातला तावीज ठेवून दिला. का, तर नात एकटी पुण्याला चाललीय. ही गोष्ट तेव्हा आम्हाला कुणाला माहीत नव्हती. प्रयोगशाळेत एक साधा केस जाऊ नये म्हणून डोक्याला टोप्या घालतात, हात स्पिरिटनं धुतात, आणि तिथं भाग्यानं डबा उघडला तर आत काळ्या दोऱ्यातला, घामानं मळलेला तावीज. तिची मुलं पांढरी पडली. नळी घट्ट बंद होती म्हणून निभावलं. तिनं मला फोन केला, मला वाटलं आता ही खालाला फाडून खाणार. तिनं खालालाच फोन द्यायला सांगितला. खाला म्हणाली, “बच्ची को अकेली कैसा भेजूं, बेटी?” पलीकडून भाग्या म्हणाली, “एकटी नाही खाला. मी आहे ना. आणि तावीजपण ठेवते सोबत.” तिनं तो स्पिरिटनं पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला आणि पेशींना उबेत ठेवायची जी पेटी असते तिच्या दाराला बाहेरून चिकटवला. आत का ठेवता येत नाही, हे तिनं खालाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सना त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ते मला लिहायचं नाही. एवढंच, की तिला दफन करून पुरुष माणसं घरी आली तेव्हा भाग्या आमच्या ओट्याशी उभी राहून सनाची वाटी आणि चमचा घासत होती, हळूहळू, पुन्हा पुन्हा. पुढचे काही रविवार तिनं फोन केला नाही. काय विचारणार? मलाही अकरा वाजले की कुठं बघावं कळायचं नाही. आणि मग एका रविवारी फोन टिंग वाजला. भाग्याचा मेसेज, ‘जेवली’. मी बराच वेळ बघत बसले त्या शब्दाकडं. मग लक्षात आलं, की कातडीच्या पेशींना मागं, जन्माआधीच्या रूपाकडं वळवून तिनं त्यांच्या मूळ पेशी तयार केल्या होत्या आणि तिनं त्यांना खाऊ घातलं होतं. इतके दिवस ती विचारायची आणि मी सांगायची, आता मी न विचारता ती सांगत होती. सलीमला दाखवलं तर तो टेम्पो घेऊन बाहेर निघून गेला आणि येताना मिठाई घेऊन आला.

पुढं मी एकदा जाऊन बघून आले. सरबतासारख्या गुलाबी पाण्यात त्या पेशी होत्या. भाग्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं आणि माझ्या कानाशी ओरडली, ती बघ, खळ लावणारी, हात पसरून सूत शोधतेय. खरंच हात होते तिला, बारीक बारीक, कितीतरी. मी विचारलं, ही सना आहे का गं? ती म्हणाली, नाही, सना तू मातीत ठेवलीस. ही सनाची आहे. मला ते उत्तर पुरलं. पुढच्या वर्षांत तिथं एक औषध सापडलं ज्यानं या पेशी जरा जास्त टिकतात. जरा जास्त, बशीत, हे ती प्रत्येक वेळी जोडायची. महिन्यातून एकदा ती नानांकडं यायची तेव्हा ओसरीवर आईबाप मुलांना घेऊन बसलेले असायचे, कुणी माळशिरसचं, कुणी दुधनीचं. त्यांना ती इंजेक्शनवाल्यांपासून सावध करायची, गिळायला सोपं काय ते मला सांगायला लावायची, आणि औषधाचं विचारलं की म्हणायची, अजून नाही. माणसं तरी पुन्हा यायची. ‘अजून’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकायला येत असावीत.

भाग्याला भवानी पेठेत आणलं त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद होते. मी जन्मात पहिल्यांदा ती गल्ली इतकी शांत पाहिली. नाना बाजेवर बसून होते, म्हणाले, “आज काय बी ऐकू येत न्हाय की गं, शाहीन.” माझ्याच्यानं हळू बोलणं होईना आणि मोठ्यानं बोलायला कुणी नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत बसले. तिला निरोप देऊन घरी आले आणि मग रडले, पोट भरून रडले.

मनातला तो प्रश्न मात्र जाईना. तिच्यामागं ते काम बंद पडलं तर? कुणी म्हणालं, कशाला ठेवायच्या या जुन्या पेशी, तर? मला फोनवर विचारायचं धाडस होईना, म्हणून मागच्या आठवड्यात मी पुण्याला गेले. खाला हट्टानं बरोबर आली, गुडघे धरून जिने चढली. भाग्याची विद्यार्थिनी मृणाल आता तिथलं बघते, नागपूरची आहे, बारीक आवाजाची. तिनं सांगितलं की काम चालू राहणार आहे, थोड्या पेशी गोठवून ठेवल्यात, थोड्या वाढतायत. पुढं किती वर्षं, ते तिला सांगता येणार नव्हतं, आणि तिनं तसं सरळ सांगितलं. मला त्यानंच धीर आला, कारण हे बोलणं मी ओळखते. मग मी विचारलं, त्या रविवारी... ज्या दिवशी भाग्या गेली, त्या दिवशी काय झालं? मृणाल म्हणाली, “मी दवाखान्यात होते मॅडमपाशी. त्यांचा भाऊ सोलापूरहून निघाला होता. साडेदहा झाले आणि आठवलं, रविवार आहे, आज दुसरं कुणी येणार नाही. मी इथं आले, सगळ्यांना खाऊ घातलं आणि परत गेले. नाहीतर ओरडल्या असत्या.” म्हणजे त्या दिवशीही सना उपाशी राहिली नव्हती. मला कळवायला तेवढं कुणी नव्हतं, असं म्हणून मी तिला भाग्याचे ते एका शब्दाचे मेसेज दाखवले.

खालाला काही ऐकू गेलं नव्हतं. तिचं लक्ष पेटीच्या दाराकडं. तावीज तिथंच होता, पिशवी पिवळी पडलेली, वर चिकटपट्टीवर चिकटपट्टी. खाला म्हणाली, अंदर नहीं रखी थी? मृणाल घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, नाही खाला, आत चालत नाही. खालानं काचेवर हात ठेवला, मग म्हणाली, “अच्छा करी. भाग्या भी तो बाहरच खड़ी रहती थी ना... उसकू भी साथ होगया.” बाहेर पडताना तिनं पिशवीतून शीरखुर्म्याचा डबा काढून मृणालच्या हातात दिला. मोठा डबा होता.

काल रविवार होता. अकराला फोन टिंग वाजला. अनोळखी नंबर, शब्द तोच, ‘जेवली’. मी विचार न करता, बोटांना सवय म्हणून, लिहून गेले, ‘आणि तू?’ पलीकडून उत्तर आलं, ‘नंतर’.

मी लगेच मृणालला फोन लावला, चांगली झाडायला.